एजंटला टेस्ट चालवायला शिकवताना: माझा अनुभव

आमच्या प्रोजेक्टमध्ये कोड लिहायला एआय एजंट आले, तेव्हा टेस्ट कशा चालवायच्या हे त्यांच्यासाठी लिहून काढण्याचं काम माझ्याकडे आलं. टेस्ट चालवायची साधनं दोन: बॅकएंडला (सर्व्हरवरच्या कोडला) पायटेस्ट, ब्राउझरच्या टेस्टला प्लेराइट. विकीवर जुनं पान होतं, पण ते माणसांसाठी लिहिलेलं: स्क्रीनशॉट, मीटिंगमधले निर्णय, बंद पडलेल्या सर्व्हरची नावं. माणूस त्यातून वाट काढतो आणि अडलं तर शेजारच्याला विचारतो. एजंट सहसा विचारत नाही. त्याला जे योग्य वाटतं ते चालवून बघतो आणि पुढे जातो.

म्हणून लिहायला बसण्याआधी मी एजंटचे लॉग, म्हणजे त्यानं काय काय चालवलं याच्या नोंदी, वाचत बसले. माझ्या मते या कामातला सगळ्यात मोलाचा भाग हाच.

प्लेराइटची एखादी टेस्ट फेल झाली की आपल्या मशीनवर एचटीएमएल रिपोर्ट आपोआप उघडतो, आणि तो दाखवणारा छोटा सर्व्हर कंट्रोल-सी दाबेपर्यंत चालूच राहतो. आपला हात सवयीनं तिकडे जातो. एजंट मात्र कमांड संपायची वाट बघत राहतो आणि शेवटी 'टेस्ट अडकल्या' असं धरून टाइमआउट वाढवायला निघतो. फेल झालेली टेस्ट राहते बाजूला. उपाय एका ओळीचा होता: रिपोर्टर, म्हणजे निकाल दाखवायची पद्धत, 'लाइन' द्यायचा. पण ती ओळ विकीवर कुठेच नव्हती, कारण कुणाला तिची गरजच पडली नव्हती.

पायटेस्टची गोष्ट याहून घातक. आउटपुट लांबलचक येतं, म्हणून एजंट ते पाइपमधून (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारी जोडणी) 'टेल' या कमांडकडे पाठवतो आणि शेवटच्या काही ओळी तेवढ्या वाचतो. वरवर पाहता शहाणपणाचं. पण पाइप असला की शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना निकाल सांगणारा आकडा, शेवटच्या कमांडचा देतं, म्हणजे टेलचा, आणि तो असतो 0. पायटेस्टनं 1 दिलेला असतो, तो मधल्यामध्ये हरवतो. ज्या एजंटनं फक्त कोड पाहिला, त्याच्या लेखी सगळं पास! मी एजंटसाठीच्या फाइलमध्ये लिहिलं: पाइप करू नका, आउटपुट कमी हवं असेल तर 'क्यू' हा पर्याय आणि छोटा ट्रेसबॅक (चूक कुठे झाली त्याचा माग) वापरा, पाइप करावाच लागला तर आधी 'पाइपफेल' चालू करा, म्हणजे मधली कमांड फेल झाली तरी कळतं.

मग पायटेस्टच्या एक्झिट कोडचे अर्थच लिहून टाकले. 0 म्हणजे सगळ्या पास, 1 म्हणजे काही फेल, 4 म्हणजे कमांडच चुकीची दिली. आणि 5 म्हणजे एकही टेस्ट चालली नाही. नावानं टेस्ट निवडताना स्पेलिंग चुकलं की हा 5 येतो, आणि एजंट बिनदिक्कत कळवतो की एकही टेस्ट फेल झाली नाही. त्यामुळे 'किती टेस्ट चालल्या तो आकडा सांगितल्याशिवाय काम पूर्ण झालं म्हणू नका' हे वाक्य मी ठळक केलं.

टीममधल्या सगळ्यात जुन्या टेस्टर मॅडमशी बोलले तेव्हा खरा खजिना हाती लागला. "पेमेंटच्या टेस्ट चालवायच्या आधी डेटाबेसमध्ये नमुन्याचा डेटा भरावा लागतो, हे लिहिलंयस का?" त्यांनी विचारलं. कुणीच लिहिलं नव्हतं, सगळ्यांना ते तोंडपाठ होतं. कोणत्या टेस्ट कधी पास तर कधी फेल होतात, कोणत्या एकाच वेळी चालवल्या तर एकमेकींचा डेटा बिघडवतात, हे सगळं त्यांच्याकडून उतरवून घेतलं.

काय करायचं नाही, तेही स्पष्ट लिहिलं: टेस्ट पास व्हावी म्हणून असर्शन (टेस्टमधली निकालाची अट) सैल करायचं नाही, टेस्ट वगळणारं स्किप लावायचं नाही, स्नॅपशॉट (तुलनेसाठी जपलेलं स्क्रीनचं बरोबर रूप) परस्पर अपडेट करायचे नाहीत. नियमासोबत कारणही दिलं. स्नॅपशॉट बदलला तर स्क्रीनवरची चूकच उद्यापासून बरोबर ठरते, एवढं एक वाक्य पुरतं.

हे सगळं रिपॉझिटरीच्या (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्याच्या) मुळाशी 'एजंट्स डॉट एमडी' या साध्या मार्कडाउन फाइलमध्ये ठेवलं. 2025 पासून बरीच एजंट साधनं ही फाइल स्वतःहून वाचतात. मात्र फाइल मोठी झाली की दर वेळी एजंटच्या कॉन्टेक्स्टमधली, म्हणजे त्याला एका वेळी ध्यानात ठेवता येणाऱ्या मजकुरातली, जागा ती खाते. त्यामुळे ब्राउझर टेस्टचा तपशील त्या फोल्डरमधल्या वेगळ्या फाइलमध्ये हलवला.

तपासायची पद्धत साधी ठेवली. मुद्दाम एक बग घालायचा, एजंटचं नवं सेशन उघडायचं, तोंडी एकही सूचना द्यायची नाही आणि तो बग सापडतो का ते बघायचं. जिथे अडखळतो तिथली ओळ पुन्हा लिहायची. या फेऱ्यांमध्ये माझी बरीच आवडती वाक्यं गेली. 'शक्यतो', 'साधारणपणे' असे शब्द आधी गेले.

आता फाइलमधल्या कमांड रोज रात्री सीआयवर, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर, जशाच्या तशा चालतात. एखादी मोडली तर सकाळी टीमला मेसेज येतो. टेस्टची रचना बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टमध्ये (कोडमधला बदल स्वीकारण्याच्या विनंतीत) ही फाइलही बदललेली नसेल, तर मॅडम रिव्ह्यू पुढे जाऊ देत नाहीत. मोबाइल ॲपच्या टेस्टचा भाग अजून बाकी आहे. त्यांना खरा फोन जोडावा लागतो, आणि एजंटनं तिथे कुठे थांबून माणसाला हाक मारायची, हे सध्या आम्ही दोघी मिळून ठरवतो आहोत.