आठमीचं पाणी

शाळांची स्नेहसंमेलनं डिसेंबरात होतात. आमचं व्हायचं वैशाखात, शुद्ध अष्टमीला, पहाटे पाच वाजता वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्या बंदरावर. 1984 साली दहावी झालेले आम्ही नऊ जण. त्यातला एकच वेसावकर. बाकीचे अंधेरी-पार्ल्याच्या चाळींतले, पोहता न येणारे. त्याच्या बापसाची होडी होती म्हणून हे मंडळ निघालं. मंडळाला नाव नव्हतं, घटना नव्हती, वर्गणी डिझेलपुरती.

अष्टमी बापसाने ठरवून दिलेली. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते, हा त्याचा हिशेब. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाला भरती, बाराच्या सुमारास ओहोटी, संध्याकाळी सहाला पुन्हा भरती. निघतानाही खाडीच्या तोंडाशी पाणी आणि परततानाही. शिवाय अष्टमीला भांग असते, पाण्याला ओढ कमी. ‘आठमीला पानी गरीब अस्तं, तुमच्यासारक्या पोरांना बरं,’ असं तो म्हणायचा. आणि वैशाख का, तर त्यानंतर वारा फिरतो, होड्या वर ओढून शाकारायच्या दिवसांना सुरुवात होते. आता तर 1 जून ते 31 जुलै सरकारी बंदीच असते.

होडीला इंजिन होतं, पण बापसाने डोलकाठी काढली नव्हती. शीड जुनं, कापडी, आणि त्याला मधोमध जांभळ्या मखमलीचं मोठं ठिगळ. हे ठिगळ आमच्या शाळेच्या रंगमंचाच्या पडद्याचं. शाळेने नवा पडदा शिवला तेव्हा जुना अडगळीत पडला होता. आमच्यातल्या एकाने तो ‘वाचवला’. मित्राच्या आवशीने दाभणाने तो शिडाला शिवून दिला. मखमल भिजली की जड होते, शीड नीट फुगत नाही, हे तिने तेव्हाच सांगितलं होतं. आम्हाला ऐट हवी होती.

पहाटे मतलई वारा असायचा, जमिनीवरून समुद्राकडे. उत्तरेला जाणाऱ्या होडीला तो उजव्या अंगाने मिळतो, म्हणून उन्हं चढायच्या आत जितकं अंतर कापता येईल तितकं कापायचं. उजव्या हाताला मढचा किल्ला, मग मनोरीच्या खाडीचं तोंड, गोराईची लांबच लांब पुळण. उत्तनजवळ आलं की आधी वास यायचा, मग गाव दिसायचं. वलांड्यांवर, म्हणजे मासे सुकवायच्या बांबूच्या मांडवांवर, बोंबील उलटे टांगलेले, एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून. त्यापुढे डोलीचे, म्हणजे समुद्रात जाळी बांधायचे खुंट. तिथे बापूस सुकाणू कुणाच्या हाती देत नसे. एरवी तो आम्हाला आळीपाळीने सुकाणू धरू द्यायचा आणि स्वतः नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, पाठ करून बसायचा, म्हणजे आम्ही चुकतोय हे दिसू नये.

वसईची खाडी ओलांडताना आमच्यातला इतिहासवाला उठून उभा राहायचाच. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, 1739 च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी ती घेतली, हे दरवर्षी. वसईहून आणलेली घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे, हेही दरवर्षी. बापूस एकदा म्हणाला, ‘घंटा नेली ती होडीनंच ना?’ त्याला उत्तर देता आलं नाही. पुढच्या वर्षी त्याने घंटा गाळली.

साडेनऊ-दहाला अर्नाळा. वैतरणेच्या तोंडाशी हे बेट. किल्ल्याच्या दारावर कोरलेले वाघ-हत्ती, बाजीरावांचं नाव असलेला शिलालेख, आणि आत अष्टकोनी तळं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये हे गोडं, याचं मला अजून नवल वाटतं. तळ्याच्या पायऱ्यांवर आवशीने बांधून दिलेली तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि कैरी. नऊ जणांत भाकऱ्या वीस. दोन जास्त कुणी खाल्ल्या यावर मंडळाची एकमेव वार्षिक सभा भरायची.

दुपारी वायव्येचा वारा सुटला की परतायचं. आता वारा पाठीमागून. परबाण, म्हणजे शीड बांधलेला वासा, वर चढवायला चौघे लागायचे, आणि शीड भरलं की बापूस इंजिन बंद करायचा. तो क्षण मला सगळ्यात जास्त आठवतो. सकाळपासून कानात चाललेली फटफट थांबायची आणि मग कळायचं की आपण इतका वेळ ओरडून बोलत होतो. वाटेत पाचूबंदरला थांबून कुणीतरी सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, घ्यायचं. केळीच्या पानात बांधलेली ती पुडी वेसाव्यापर्यंत कधी टिकली नाही.

नोकऱ्या लागल्यावर घोळ झाला. बँकवाल्याला रजा नाही, शाळामास्तरला पेपर तपासायचे. 1995 साली मे महिन्यातला एक रविवार बहुमताने ठरला. त्या दिवशी पौर्णिमा होती. बापूस काही बोलला नाही, फक्त म्हणाला की तो येत नाही. पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे सकाळी सहाला कडक ओहोटी. गुडघाभर चिखल तुडवत, बाहेर नांगरलेल्या होडीपर्यंत गेलो. संध्याकाळी सहाला परत तीच ओहोटी. मित्र म्हणाला, जाईल आत, मधे चर आहे. मीच सर्वांत मोठ्याने ‘चल’ म्हणालो. खाडीच्या तोंडाशी होडी आधी घसटली, मग थांबली, मग हळूहळू एका कुशीवर कलंडली. तीन तास आम्ही तिरक्या फळ्यांवर, पाय कठड्याला टेकवून. समोर वेसाव्याचे दिवे, भाकरीचा वास येईल इतक्या अंतरावर. मध्ये नुसता चिखल आणि त्यात टुणटुण उड्या मारणारे निवटे. अंधार पडल्यावर किनाऱ्यावर एक बॅटरी हलली. बापूस. हाताचा कर्णा करून त्याने एकच गोष्ट विचारली, ‘आज कंची तिथ रं?’

नऊच्या पुढे पाणी आलं, होडी उठली. घरी काय झालं ते लिहीत नाही.

पुढच्या वर्षीपासून पुन्हा अष्टमी. बँकवाला वर्षाच्या सुरुवातीलाच कालनिर्णय बघून रजा टाकू लागला. साहेबाने कारण विचारलं तर ‘धार्मिक’.

बापूस जाऊन आता बरीच वर्षं झाली, होडी विकली गेली. आम्ही मित्राच्या गच्चीवर जमतो, अष्टमीलाच. भाकऱ्या त्याची सून करते. बसायला सतरंजी म्हणून तेच शीड अंथरतो. गेल्या वर्षी आमच्या वर्गशिक्षिका बाई आल्या होत्या, काठी टेकत. शिडावर बसता येईना म्हणून खुर्ची दिली, पण खाली वाकून त्यांनी ते जांभळं ठिगळ बोटांनी चाचपलं. चष्मा वर केला.

‘हा आपल्या हॉलचा पडदा ना रे?’

आम्ही सगळेच भाकरी मोडण्यात गुंतलो. बापूस असता तर त्याने बाईंना तिथी विचारली असती.