तुम्ही विचारलंत म्हणून: रिव्हर प्लेटचा तो सिनेमा

‘द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट’ लावायचा म्हटलं की कुणीतरी विचारतंच, ‘ब्रिटिशांच्या विजयाचा १९५६चा सिनेमा, त्यात तुझं एवढं काय अडकलंय?’

बोट अडकली आहे. दुसऱ्या महायुद्धात, १३ डिसेंबर १९३९ला दक्षिण अमेरिकेतल्या रिव्हर प्लेट खाडीजवळ जर्मन युद्धनौका ‘ग्राफ श्पे’शी लढलेली न्यूझीलंडची क्रूझर ‘अकिलीज’ १९४८मध्ये आपल्या नौदलात आली आणि ‘दिल्ली’ झाली. सिनेमात ‘ग्राफ श्पे’ म्हणून अमेरिकी ‘सेलम’ उभी केली आहे, टरेट म्हणजे तोफांचे फिरते बुरूजही दोनाऐवजी तीन. ‘अकिलीज’चं काम मात्र ‘दिल्ली’नेच केलं.

माझे अण्णा तिच्यावर गनरी शाखेत होते.

कॉलेजात असताना मी म्हणायचे, ही साम्राज्याची टिमकी आहे, बघणार नाही. त्या मुलीला आजही माझ्याकडे नीट उत्तर नाही. टिमकी आहेच.

अण्णा निवृत्त झाल्यावर मी कॅसेट आणली. पीटर फिंचने केलेला ‘ग्राफ श्पे’चा कप्तान लांग्सडॉर्फ बोलत होता तेव्हाही अण्णांची नजर बोटीवर. ‘मागचं एक टरेट नाही बघ.’ ते १९४३मध्ये बॉम्बने गेलं होतं. म्हणजे सिनेमात लढाई १९३९ची आणि बोटीची जखम १९४३ची. मग मी वाचलेलं सांगून टाकलं, की त्या सकाळी गोळ्यांच्या कपच्या उडून ‘अकिलीज’च्या तोफांची दिशा ठरवणाऱ्या टॉवरमध्ये चार जण गेले. अण्णांनी रिमोट घेऊन चित्र थांबवलं. ‘आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. तिथं आम्ही...’ पुढचं बोलले नाहीत. मग एकदम चिडले. ‘६१ला दीववर आम्ही तोफा डागल्या, त्याचा सिनेमा कुठाय?’

मी गप्प. बंद करू का, विचारलं.

‘नको. ती दिसतेय तोवर असू दे.’

१९७८मध्ये ती मुंबईत मोडीत निघाली. तिचं एक टरेट न्यूझीलंडला भेट दिलं गेलं. ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नौदल तळावर ते जपून ठेवलंय. याचा मला आनंद होतो आणि रागही येतो. आपल्याला एवढंही ठेवता आलं नसतं का?

शत्रूच्या कप्तानाला माणूस म्हणून दाखवलंय, हेही मला आवडतं. पण त्यासाठी मी हा सिनेमा लावत नाही. ती बोट समुद्रात चालताना दुसरीकडे कुठे बघू, ते सांगा. सापडेपर्यंत मी हाच लावणार, आणि कॉलेजातल्या त्या मुलीने उठून जायचं तर खुशाल जावं.