ब्लेचली पार्कमधील एक दिवस: हट ८ पासून ब्लॉक एचपर्यंत

लंडनच्या यूस्टन स्थानकावरून गाडीत बसले की साधारण पाऊण तासात ब्लेचली येते आणि स्थानकाबाहेर थोडे चालले की ब्लेचली पार्कचे आवार लागते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या सांकेतिक संदेशांची उकल येथे होत असे, हे बहुतेकांना ठाऊक असते. संगणकशास्त्र शिकणाऱ्या माझ्या लेकीला आणि मला मात्र वेगळ्याच गोष्टीचा माग काढायचा होता: यंत्र अनुभवातून शिकू शकेल, हा येथे काम केलेले गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांचा विचार या जागी कसा पक्का झाला?

तळ्याकाठचा देखणा वाडा शेवटी पाहावा आणि सुरुवात ब्लॉक बीमधील संग्रहालयाने करावी, असे मी आवर्जून सुचवेन. जर्मन संदेश सांकेतिक करणारी एनिग्मा यंत्रे तेथे जवळून पाहता येतात. कळ दाबताच चक्र एक घर पुढे सरकते, त्यामुळे तेच अक्षर पुन्हा दाबले तरी सहसा निराळ्याच अक्षराचा दिवा लागतो. जर्मन सैन्याच्या यंत्रात मांडणीच्या शक्यता १५९ वर अठरा शून्ये, एवढ्या होत्या. तरीही कोणतेही अक्षर स्वतःच्याच रूपात कधी उमटत नसे आणि या उणिवेमुळे अपेक्षित शब्द संदेशात कोठे असू शकत नाही, हे ठरवता येई. एनिग्माचा पहिला भेद १९३२ मध्ये पोलंडच्या मारियान रेयेव्हस्की यांनी केला होता, म्हणून आवारातील पोलिश गणितज्ञांच्या स्मारकाशी थांबल्यावाचून पुढे जाऊ नये.

त्यानंतर हट ८. ही लाकडी बराक बाहेरून अगदी साधी दिसते. आत ट्युरिंग यांची खोली पुन्हा उभी केली आहे आणि त्यांच्या सवयीप्रमाणे चहाचा मग रेडिएटरला साखळीने बांधून ठेवला आहे. लोक मगाचे छायाचित्र काढून निघून जातात. आम्ही सर्वांत जास्त वेळ तेथेच घालवला, कारण जर्मन नौदलाच्या संदेशांसाठी ट्युरिंग यांनी ‘बॅनबरिस्मस’ ही पद्धत येथे घडवली. बॅनबरी गावी छापलेल्या लांब कागदांवर संदेशाची अक्षरे छिद्रांनी नोंदवायची, दोन कागद एकमेकांवर सरकवत किती छिद्रे जुळतात ते मोजायचे आणि प्रत्येक जुळणीला पुराव्याचे ठरावीक वजन द्यायचे. या वजनाच्या एककाला ‘बॅन’ आणि त्याच्या दहाव्या भागाला ‘डेसिबॅन’ म्हणत. वजने बेरजेत मिळवत गेले की एखादा तर्क कधी स्वीकारायचा आणि कधी सोडायचा, हे आकड्यांवरून ठरे. अपुऱ्या माहितीतून निष्कर्षाकडे जाण्याची रीत अशी हिशेबात मांडता येते, तर ती यंत्रालाही देता येईल. माझ्या मते ब्लेचलीचे खरे महत्त्व येथे आहे.

ट्युरिंग यांचे सहकारी गणितज्ञ जॅक गुड याच बराकीत काम करत. ते, ट्युरिंग आणि ब्लेचलीतलेच तरुण सहकारी डोनाल्ड मिची फावल्या वेळात यंत्राला बुद्धिबळ कसे शिकवावे यावर चर्चा करत. ट्युरिंग यांनी हा धागा १९४८ च्या अहवालात आणि १९५० च्या प्रसिद्ध निबंधात पुढे नेला. मिची यांनी तर पुढे संगणक हाताशी नसताना सुमारे ३०० काडेपेट्या आणि रंगीत मणी घेऊन फुली-गोळा शिकत जाणारे ‘यंत्र’ बनवले.

जेवणासाठी हट ४ मध्ये उपाहारगृह आहे. दुपार मात्र ब्लॉक एचसाठी राखून ठेवावी. तेथील राष्ट्रीय संगणक संग्रहालय ही स्वतंत्र संस्था असून तिचे तिकीट वेगळे आहे. ते रोज उघडे नसते, म्हणून आधी त्याचे वार पाहावेत आणि मगच सहलीची तारीख ठरवावी. अभियंता टॉमी फ्लॉवर्स यांनी युद्धकाळात बनवलेल्या कोलोसस या इलेक्ट्रॉनिक संगणकाची टोनी सेल आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये पूर्ण केलेली चालती प्रतिकृती तेथे आहे. लॉरेंझ या दुसऱ्या जर्मन सांकेतिक यंत्राच्या संदेशांसाठी बनवलेल्या कोलोससच्या सुधारित आवृत्तीत सुमारे २,४०० व्हॉल्व्ह (इलेक्ट्रॉनिक नळ्या) होते आणि कागदी पट्टी सेकंदाला ५,००० अक्षरांच्या वेगाने वाचली जाई. युद्धानंतर बहुतेक कोलोसस मोडून टाकले गेले आणि आराखडे जाळले गेले, त्यामुळे जुनी छायाचित्रे आणि अभियंत्यांच्या जवळ उरलेले कागद यांवरून ही प्रतिकृती उभी करावी लागली. शेजारच्या दालनात एनिग्माची मांडणी शोधणाऱ्या ‘बॉम्ब’ नावाच्या यंत्राचीही चालती प्रतिकृती आहे. प्रात्यक्षिकाची वेळ तिकीट घेतानाच विचारून ठेवावी आणि सुरू होण्यापूर्वी पुढच्या रांगेत उभे राहावे, म्हणजे ढोलांचे फिरणे आणि जुळणी सापडताच यंत्राचे थांबणे नीट दिसते.