भारद्वाजाला भारद्वाज का म्हणतात, हे तुम्ही विचारलंत म्हणून

फोनवर फोटो येतो. कुंपणाच्या आड काळं अंग, विटकरी पंख, बाकी सगळं धूसर. खाली प्रश्न: ‘ताई, हा भारद्वाजच ना? हे नाव कशावरून पडलं? आणि दिसला की चांगलं असतं ना?’ मी सकाळी पुण्याच्या वेताळ टेकडीवर दुर्बीण घेऊन हिंडते एवढाच माझा अधिकार, पण प्रश्न येतात आणि नेहमी याच क्रमाने येतात. मधल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लागलं की समोरच्याची चुळबुळ सुरू होते. त्याला तिसऱ्याची घाई असते. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मी पूर्वी ठणकावून सांगायचे की हे नाव या पक्ष्याचं नव्हेच. अमरकोशात ‘व्याघ्राटः स्याद् भरद्वाजः’ असं आहे, आणि संस्कृत कोशांत या दोन्ही शब्दांचा अर्थ चंडोल असा दिलेला सापडतो. भरत् अधिक वाज, म्हणजे बळ किंवा वेग बाळगणारा. माळावरून उठून गात गात सरळ आभाळात चढणाऱ्या चंडोलाला ते शोभून दिसतं. आपला भारद्वाज उडतो कसा, ते तुम्ही पाहिलंय. या कुंपणावरून त्या कुंपणावर जायचं तरी जिवावर आल्यासारखं करतो आणि झुडपात धपकन शिरतो. कुठल्या वेगाचं बोलताय? पंडितांनी एकाचं नाव दुसऱ्याला चिकटवलं. खरी नावं म्हणजे सोनकावळा, कुंभारकावळा, कुकुडकोंबा, ज्यांत त्याचा रंग आहे, आवाज आहे. असं मी ऐटीत सांगत असे.

आता तेवढ्या ऐटीत सांगवत नाही. इंग्रजीत याला कुकल म्हणतात. तो शब्द फ्रेंच, लव्हायाँ नावाच्या पक्षीनिरीक्षकाने रूढ केलेला. ‘कुकू’ म्हणजे कोकीळकुळातला आणि ‘अलुएत’ म्हणजे चंडोल, या दोहोंचा तो जोड असावा असं मानतात. कारण याच्या पायाला मागे लांब, सरळ नखी असते, तशीच चंडोलालाही असते. शास्त्रीय नावातला सेंट्रोपस हा शब्दही त्या नखीवरूनच आलाय, पायाला आर असलेला. म्हणजे आपल्याकडे चंडोलाचं नाव याला मिळालं आणि तिकडे फ्रेंचांनाही याच्यात चंडोल दिसला. योगायोग असेल. पण मग मी ज्याला पंडितांचा घोटाळा म्हणत होते, तो कुणा बारीक नजरेच्या माणसाने पाय बघून केलेला विचारही असू शकतो. पूर्वीची मी म्हणेल, पुरावा दाखव. पुरावा नाही. पण तिच्याकडे तरी कुठे होता?

भारद्वाज गोत्राच्या मंडळींशी मात्र मी वाद घालणार. ‘आमच्या ऋषींचा पक्षी’ असं छाती फुगवून सांगणारे एक काका टेकडीवर भेटतातच. ऋग्वेदाचं सहावं मंडल भरद्वाज कुळाचं, हे मान्य. पण भागवतात त्या नावाची जी फोड आहे, ती काकांनी वाचलेली नसते. ममता आणि बृहस्पती यांना नको असलेलं मूल. ‘भर द्वाजम्’, दोघांचं हे मूल तू सांभाळ, असं एकमेकांना म्हणत दोघंही त्याला टाकून निघून गेले, आणि मरुतांनी त्याला वाढवलं. ही गोष्ट कोकिळेला चपखल बसली असती, जी आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात ठेवून मोकळी होते. भारद्वाज त्याच कुळातला, पण स्वतः घरटं बांधतो, पिल्लं स्वतः वाढवतो, आणि घरट्याचं बहुतेक काम नर करतो. टाकलेल्या पोराचं नाव नेमकं पोरं न टाकणाऱ्याला मिळालं.

राहिला तुमचा लाडका प्रश्न.

बाबांचं वर्षश्राद्ध होऊन थोडे दिवस झाले होते. भावाचा साखरपुडा होता. आमचा एरंडवण्यातला जुना बंगला, मागे बोगनवेलीचं रान. सकाळी पाहुणे चहा घेत असताना कुणीतरी ओरडलं, ‘भारद्वाज! भिंतीवर बसलाय!’ सगळे मागच्या दाराकडे धावले. नवऱ्या मुलाला पुढे घाला, त्याला आधी दिसू दे, अशी एकच गडबड. आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. ती दारात पोचायच्या आत आत्या आडवी झाली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘वहिनी, तुम्ही जरा मागे थांबा. आधी तो बघू दे.’

हळू आवाजात म्हणाली, तरी मी ऐकलं. भावानेही ऐकलं, तो तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिला. तेवढ्या दोन हातांच्या जागेत एका पक्ष्याला शुभ ठरवलं गेलं आणि माझ्या आईला अशुभ. आई काही बोलली नाही. ओट्याकडे वळली आणि साखरभाताखालचा गॅस बारीक केला. मी आत्याशी भांडायला निघाले, तर आईने मनगट धरून डोळ्यांनीच ‘आज नको’ म्हटलं. रात्री सगळे गेल्यावर भांडी आवरताना म्हणाली, ‘मी पहाटेच पाहिला होता गं. दूध घ्यायला गेले तेव्हा. नमस्कारही केला.’ आणि हसली. मला आजही ते हसू कळलेलं नाही. आत्याच्या नाकावर टिच्चून केलेला नमस्कार होता, की मनापासूनचा?

म्हणून ‘शुभ असतो ना?’ विचारलंत की माझा आवाज चढतो. माझं ठरलेलं उत्तर असं, की पाली, साप, गोगलगायी आणि दुसऱ्यांची पिल्लं खाणाऱ्या पक्ष्याला तुमच्या साखरपुड्याशी देणंघेणं नाही. इंग्रजांनी याला क्रो फेझंट म्हटलं, नवख्या गोऱ्यांनी खरा फेझंट समजून गोळ्या घातल्या आणि बेचव मांस खाऊन पस्तावले. आपल्याकडेही क्षयावर औषध म्हणून त्याचं मांस खाल्लं गेलं. तेव्हा कुणाला शकुन आठवला नाही.

हे सगळं खरं आहे. आणि हेही खरं, की टेकडीवरच्या गिरिपुष्पाच्या दाटीत तो घुमणारा ‘कूप कूप कूप’ ऐकू आला की मी थांबते, आणि तो दिसेपर्यंत हलत नाही. पक्षीनिरीक्षण म्हणून, असं मी सांगते. मग भाचीच्या निकालाच्या दिवशी जरा जास्त वेळ का थांबले होते?

आत्या आता थकली आहे. बंगला पाडून तिथे इमारत झाली, बोगनवेल गेली. तिच्या फ्लॅटच्या मागे मात्र अजून थोडं रान आहे. अधूनमधून तिचा फोन येतो, ‘आज दिसला गं.’ त्या सकाळीबद्दल ती कधी बोलली नाही, मीही काढलं नाही. मी एवढंच विचारते, ‘कुठल्या बाजूला?’