कागोशिमाची, पण रताळ्याची नव्हे

‘कागोशिमाची शोचू द्या’ असं गिऱ्हाइकाने म्हटलं की जपानमधल्या फुकुओकातल्या आमच्या दारूच्या दुकानात हात आपोआप रताळ्याच्या शोचूच्या फळीकडे जातो. ते स्वाभाविकच आहे. शोचू म्हणजे जपानी गाळीव दारू, आणि कागोशिमा म्हणजे क्यूशू बेटाच्या दक्षिण टोकाची ज्वालामुखीच्या राखेची जमीन. तिच्यात पाणी ठरत नाही, त्यामुळे भातापेक्षा रताळं जोमाने येतं. त्या रताळ्याची दारू गाळणाऱ्या शंभराहून जास्त भट्ट्या त्या एका प्रांतात आहेत. त्या दुपारी आलेल्या गृहस्थांना मात्र हीच फळी दाखवून दाखवून लोकांनी दमवलं होतं.

ते ओसाकाहून आले होते, वय साठीच्या आसपास. वडिलांचा तेराव्या वर्षाचा स्मृतिविधी तोंडावर आला होता, आणि वडील जी शोचू प्यायचे तीच वेदीवर ठेवायची असा त्यांचा ध्यास होता. वडील बंदरबांधणीतले अभियंते. लग्नाआधी, १९६० च्या दशकात, काही वर्षं नोकरीनिमित्त कागोशिमात होते. पुढे जन्मभर तिथून त्यांच्याकडे १.८ लिटरच्या मोठ्या बाटल्या पार्सलने यायच्या. बाटली कायम वर्तमानपत्रात गुंडाळलेली असे, त्यामुळे लेबल कसं होतं हे मुलाला आठवत नव्हतं. आई आधीच गेलेली. गृहस्थांनी खिशातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावर आजवर चाखलेल्या शोचूंची नावं आणि प्रत्येकीपुढे फुली. सगळ्या कागोशिमाच्या, सगळ्या रताळ्याच्या, आणि काही चांगल्याच महागाच्या.

“चांगल्या आहेत हो सगळ्या,” ते म्हणाले. “पण आमच्या घरात हा वास नव्हता.”

पुण्यात जपानी शिकून मी इकडे आले आणि या दुकानात लागले, तेव्हा मालकांनी मला एक गोष्ट बजावली होती. गिऱ्हाइकाला ‘किती येनपर्यंतची दाखवू’ हे शेवटी विचारायचं. आधी विचारायचं, कशात पिता, कशाबरोबर पिता, कुणाबरोबर पिता. शोचू निवडताना मी आजही याच वाटेने जाते. लोक व्हिस्कीच्या सवयीने नुसता घोट घेऊन बाटली पारखतात. पण घरोघर ती गरम पाण्यात, गार पाण्यात किंवा बर्फावर जेवणासोबत प्यायली जाते, आणि पाणी पडलं की तिचा चेहरा पार बदलतो. नुसती पिताना बोजड वाटलेली रताळ्याची शोचू गरम पाण्यात अशी काही फुलते की ही तीच का, असा प्रश्न पडावा.

म्हणून मी त्यांना विचारलं, “वडील प्यायचे कसे?”

“पाणी घालून. उन्हाळ्यात बर्फ.”

“बाटली उघडली की वास कसा यायचा?”

ते विचारात पडले. मग म्हणाले, लहानपणी रिकामी बाटली टाकायचं काम त्यांच्याकडे असे, आणि टाकण्याआधी ते तोंडाशी नाक नेऊन वास घेत. गोड वास. एकदा बोट घालून चाटून पाहिलं, तर गोडी अजिबात नाही, जीभ पोळली.

इथे माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. वास गोड आणि चव कोरडी, हे तसं बऱ्याच शोचूंना लागू पडतं, कारण गाळताना साखर भांड्यातच मागे राहते. जवाच्या शोचूला भाजक्या धान्याचा वास, तांदळाच्या शोचूला कधी कधी पिकल्या फळाचा. पण ‘कागोशिमा’ आणि ‘रताळं नाही’ या दोन गोष्टी एकत्र धरल्या तर नकाशावर आणखी खाली उतरावं लागतं. अमामी बेटं प्रशासनाने कागोशिमा प्रांतातच मोडतात, पण त्यातलं सगळ्यात दक्षिणेचं बेट कागोशिमा शहरापासून ५०० किलोमीटरहून जास्त लांब आहे. नोकरीच्या कागदावर ‘कागोशिमा’ लिहिलेला माणूस प्रत्यक्षात कुठे राहिला असेल, ते त्या कागदावरून कळणार नव्हतं. आणि बंदरं तर बेटांवर हवीतच.

मी शेवटचा प्रश्न विचारला. “कुणाबरोबर प्यायचे?”

गृहस्थ प्रथमच मोकळे हसले. “नवीन वर्षाला सगळ्या पाहुण्यांना बसवायचे. एकच मोठा वाडगा. आधी स्वतः उभे राहून काहीतरी बोलायचे, मग गटागट प्यायचे. मग तोच वाडगा पुढच्याला. त्यानेही दोन शब्द बोलायचे आणि प्यायचं. आईला भारी संकोच वाटायचा. आणि वाडगा रिकामा झाला की वडील तो तळहातावर उलटा करायचे आणि उरलेला थेंब डोक्याला चोळायचे. केसांना! आम्ही पोरं खो खो हसायचो.”

आत खोकी लावत असलेले मालक तिथूनच म्हणाले, “योरोन.”

योरोन म्हणजे अमामीतलं ते सगळ्यात दक्षिणेचं बेट. उत्तर ओकिनावाच्या किनाऱ्यावरून दिसावं इतकं जवळ. तिथे पाहुण्याच्या स्वागताला ‘योरोन केन्पो’ करतात. यजमान आधी आपली ओळख सांगतो, वाडगा रिचवतो, शेवटचा थेंब हातावर घेऊन डोक्याला लावतो, म्हणजे एक थेंबही वाया घालवला नाही याची सगळ्यांना साक्ष. मग एकेकाची पाळी. आणि तिथे प्यायची ती काळ्या साखरेची शोचू.

“साखरेची?” गृहस्थांचा विश्वास बसेना. “मग ती रम नाही का?”

हा प्रश्न अगदी रास्त होता, आणि तो मला फार आवडतो, कारण त्याच्या उत्तरात त्या बेटांचा इतिहास आहे. युद्धानंतर अमामी बेटं अमेरिकेच्या ताब्यात गेली. तांदळाची टंचाई होती, साखर मात्र बेटावर पिकत होती आणि मुख्य भूमीवर विकायची सोय राहिली नव्हती. लोक साखरेची दारू गाळू लागले. १९५३ च्या डिसेंबरात बेटं जपानला परत मिळाली तेव्हा कराचा प्रश्न उभा राहिला. नुसती साखर आंबवून गाळली तर ती शोचूत बसत नाही, आणि कर जास्त लागतो. तेव्हा तोडगा निघाला. आधी वाफवलेल्या तांदळावर कोजी बुरशी वाढवायची, त्या कोजीत पाणी आणि यीस्ट घालून पहिलं आंबवण करायचं, आणि मगच त्यात विरघळवलेली साखर घालायची. असं केलं तर ती शोचू, आणि ही मुभा फक्त अमामीला. आजही काळ्या साखरेची शोचू जपानात दुसरीकडे कुठेही करता येत नाही. कोजी तांदळाचा असल्यामुळे तिला रमपेक्षा मऊ, भाताकडे झुकणारी एक बाजू असते.

सांगून पटवण्यापेक्षा हुंगून पटणं बरं. मी चार छोटे कप मांडले: रताळं, जव, तांदूळ आणि काळी साखर. चारही २५ टक्क्यांच्या, चारहींत निम्मं पाणी. कुठल्या कपात काय ते सांगितलं नाही. त्यांनी रताळ्याचा कप लगेच बाजूला केला, त्याची फुली त्यांच्या कागदावर होतीच. जवाच्या कपाशी थोडे थांबले. तांदळाचा पुन्हा जागेवर ठेवला. चौथा नाकाशी नेला आणि तसाच धरून राहिले. मग घोट न घेताच म्हणाले, “हाच. बाटली टाकायला जायचो तेव्हाचा.”

तो वास मलाही परका नाही. माझं आजोळ कराडकडचं. गुऱ्हाळात रस आटत आला की कढईवर जो काकवीचा वास धरतो, तोच इथे फार पातळ होऊन येतो. बेटावरची काळी साखर आणि आपला गूळ यांची रीतही एकच: उसाचा रस, थोडा चुना, आणि मळी वेगळी न काढता आटवणं. इथल्या गिऱ्हाइकाला हे सांगून उपयोग नसतो, पण त्या दिवशी मी सांगितलं, आणि त्यांनी मला गुऱ्हाळाबद्दल बरंच विचारून घेतलं.

वास सापडला, पण बाटली अजून ठरायची होती. काळ्या साखरेच्या शोचूही सगळ्या सारख्या नसतात. कमी दाबाखाली गाळली तर आंबवण चाळीस-पन्नास अंशांनाच उकळतं, आणि दारू हलकी, स्वच्छ, फुलाफळांच्या वासाची उतरते. नेहमीच्या दाबाला गाळली की उष्णतेने करपट, जाड, साखरेचा खरा वास येतो. कमी दाबाची रीत शोचूत रुळली ती १९७० च्या दशकात. वडील बेटावर होते ते त्याआधी. म्हणजे त्यांच्या जिभेवर बसलेली चव नेहमीच्या दाबाचीच असणार. हलक्या बाटल्या मी फळीवरून काढल्याच नाहीत. त्या वाईट नाहीत, सोड्यात घालून प्यायला उत्तम आहेत, पण त्यांच्या वडिलांच्या नाहीत.

योरोनवर आज भट्टी एकच, तिच्या शोचूचं नाव ‘शिमायूसेन’. ती वेदीसाठी घ्यायची हे मालकांनीच ठरवून टाकलं. बेटावर केन्पोला तिची २० टक्क्यांची बाटली चालते, ती आमच्याकडे होती. जोडीला अमामीतलीच दुसऱ्या भट्टीची, नेहमीच्या दाबाची एक बाटली मी पुढे ठेवली. लेबलावरची ‘नेहमीचा दाब’ या अर्थाची दोन अक्षरं दाखवली, पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात गेले तर ओळखता यावीत म्हणून. वडील बाटली वर्तमानपत्रात का ठेवायचे तेही सांगितलं. उजेडाने शोचूतलं तेल बिघडतं आणि वास उतरतो. कागद गुंडाळणारा माणूस नुसता पिणारा नव्हता, जाणकार होता. हे ऐकून गृहस्थांनी मान खाली घातली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग कामाचं निघालं. विधीला किती माणसं येणार, त्यांत न पिणारी किती, गाडी चालवत येणारे किती. वाडगा फिरवायचा असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. मालकांनी सांगितलं, बोलायचं सगळ्यांनी, प्यायचं ज्यांना झेपेल आणि ज्यांना गाडी हाकायची नाही त्यांनी. बाकीच्यांना पाणी द्यायचं. पहिला वाडगा यजमानाचा, म्हणजे त्यांचा. “मी काय बोलू?” त्यांनी विचारलं. मालक म्हणाले, “वडील कुठल्या बंदरावर होते, तेवढं सांगा. सुरुवातीला पुष्कळ झालं.”

ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तिथेच काउंटरशी उभं राहून वडिलांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाला फोन लावला, आणि आम्ही बाटल्या बांधायला घेतल्या.