‘नफा टक्के’, पण कशावर?

गृहप्रकल्पाचा जमाखर्च मांडणं अवघड गेलं नाही. जमीन, बांधकाम, मंजुरीची शुल्कं, व्याज, विक्रीचा खर्च एकीकडे आणि विक्रीचे पैसे दुसरीकडे, सगळं महिनावार. अडलं ते कर्ज देणाऱ्या संस्थेच्या छाननी विभागात. अर्जात एक रकाना होता, ‘नफा टक्के’. कशावर, ते कुठेच लिहिलेलं नाही.

एकूण खर्च १०० आणि विक्री १२० धरली, तर खर्चावर नफा २० टक्के, विक्रीवर १६.७. दोन्ही बरोबर. मी खर्चावरचा लिहिला आणि फाइल परत आली: ‘आकडे जुळत नाहीत.’ तिथल्या साहेबांनी विक्रीने भागलं होतं. विचारलं तर म्हणाले, “आमच्याकडे तसंच धरतात.” मग तसं अर्जात छापा ना! आकडा बदलून दिला, तर फाइल दुसऱ्या टेबलावर गेली आणि शेरा आला, ‘नफा कमी का झाला?’ प्रकल्पातली एक वीटही हलली नव्हती.

पुढचा रकाना आयआरआरचा, म्हणजे गुंतवणुकीवरच्या अंतर्गत परताव्याचा: ज्या दराने गेलेल्या आणि आलेल्या पैशांची आजची किंमत सारखी भरते, तो दर. तिथेही तीच गत. महिन्याचा दर १.५ टक्के आला, तर १२ने गुणून वर्षाला १८ लिहायचे की चक्रवाढीने १९.५६? कर्ज धरून की न धरता? उत्तर प्रत्येक टेबलावर वेगळं. शेवटी लेखी मागितलं, तेव्हा कुठे ‘वार्षिक चक्रवाढ, कर्ज वगळून’ एवढी एक ओळ मिळाली. तुम्ही ही ओळ पहिल्याच दिवशी मागा, आकडेमोडीला हात लावायच्या आधी.

आणि तरीही पेच सुटला नाही. जमिनीला पैसे जातात, मग बुकिंगचे येतात, मग बांधकामाला पुन्हा जातात. अशा प्रवाहाला कधीकधी दोन आयआरआर निघतात. आधी १०० गेले, वर्षाने २३० आले, त्यानंतरच्या वर्षी १३२ गेले, असं मांडून बघा: १० टक्केही बसतो आणि २० टक्केही. एक्सेल यातला एकच दाखवतं, आणि छाननीवाल्यांचा त्या एकावरच विश्वास. मी निव्वळ वर्तमान मूल्य जोडलं, म्हणजे येणाऱ्या पैशांच्या आजच्या किमतीतून जाणाऱ्यांची वजा केली की उरतं ते; कोणत्या वार्षिक दराने काढलं तेही लिहिलं. त्यावर मात्र कोणी बोट ठेवलं नाही.

हो, जमिनीचं राहिलं. ती पूर्वी स्वस्तात घेतलेली असली तरी आजच्या बाजारभावाने धरा. नाहीतर भाव वाढल्याचा फायदा बांधकामाचा नफा म्हणून मिरवतो. व्याजही खर्चात येतं आणि तो खर्च पुन्हा कर्जातून भागतो, त्यामुळे एक्सेल गोल फिरत राहतं. महिन्याचं व्याज त्या महिन्याच्या सुरुवातीच्या शिलकेवर काढलं की ते थांबतं.

समितीपुढे गेल्यावर या टक्क्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. एकच प्रश्न आला, विक्री वर्षभर लांबली तर? त्याचा तक्ता मी न मागता जोडला होता, आणि अजूनही त्याचाच मला अभिमान वाटतो. १००चे १२० दोन वर्षांनी झाले तर परतावा वर्षाला साधारण ९.५ टक्के, तीन वर्षांनी झाले तर ६.३. ‘नफा टक्के’ दोन्हीकडे २०च. वाढीव वर्षाचं व्याज धरलं, तर तेवढेही उरत नाहीत. समितीने तक्ता पाहिला, कर्जाचे हप्ते विक्रीच्या वेगाशी बांधले आणि मंजुरी दिली.