तुम्ही विचारलंत म्हणून: मार्गेटला कुठे राहायचं

दर मे महिन्यात मेसेज सुरू होतात. "ताई, बँक हॉलिडेला मार्गेटला जातोय, कुठे राहू?" "तुम्ही तिकडच्या एक्स्पर्ट ना." एकाने तर विचारलं की तुम्हाला कमिशन मिळतं का. नाही मिळत. मी लंडनमध्ये हॅरोला राहते, मार्गेटला, म्हणजे इंग्लंडच्या केंटमधल्या त्या समुद्रकाठच्या गावाला, आठ-नऊ वेळा गेलेय, आणि २०१९ मध्ये आमच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला होता, "डोळे झाकून क्लिफ्टनविलमध्ये राहा", तो अजून फिरतोय. माझाच मेसेज मला दोनदा फॉरवर्ड होऊन आला, वर "व्हेरी युजफुल" लिहून. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते, मग मला विचारू नका. विचारालच म्हणा.

मेसेजमध्ये लिहिलेलं सगळं काही चूक नव्हतं. ओल्ड टाऊनमध्ये पब, कॅफे, जुन्या कपड्यांची दुकानं, गॅलरी, सगळं पायाशी, पण जूनमध्ये पहाटे चारला सीगल ओरडायला लागतात आणि ते कावळ्यासारखे थोडं ओरडून गप्प बसत नाहीत. स्टेशनच्या बाजूला सूर्यास्त थेट समुद्रात दिसतो, पण ड्रीमलँड या अम्युझमेंट पार्कला कॉन्सर्ट असेल तर रात्री खोलीत बसूनही ऐकू येते. आणि क्लिफ्टनविल, म्हणजे पूर्वेकडचा कड्यावरचा भाग, शांत, रुंद रस्ते, उंच व्हिक्टोरियन घरं, खाली वॉलपोल बेचा तो १९३७ चा प्रचंड टायडल पूल, भरतीला समुद्रच आत येऊन भरून जातो. मला तो भाग आवडतो. अजूनही. हे आधी सांगते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की मी पलटले.

पण त्या मेसेजमध्ये मी एक गोष्ट लिहिली नव्हती, कारण तेव्हा मला ती महत्त्वाची वाटलीच नव्हती. जिने.

त्याच वर्षी जूनमध्ये आई आली होती. आई देवगडची, वय ७१, गुडघे गेलेले, पण समुद्र म्हटलं की हातातलं काम टाकून उठणारी. मी एक गेस्टहाऊस बुक केलं, चार मजली घर, जुन्या टाइल्स, फायरप्लेस, खिडकीतून समुद्र. स्टेशनजवळ चेन हॉटेल होतं, लिफ्टवालं, पण मला ते नको होतं. खरं सांगते, मला तिथे आईला नेणं कमीपणाचं वाटलं, स्लाऊच्या मोटरवेवर असतं तसंच हॉटेल, मग मार्गेटला कशाला आलो? मला "कॅरेक्टर" हवं होतं. आईला विचारलं नाही. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती "तुला बरं वाटेल ते", आणि हे मला माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही.

खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर. ५८ पायऱ्या. मी नंतर मोजल्या. त्यात दारापर्यंत चढायच्या सात धरल्याच नाहीत, कारण या घरांत तळमजलासुद्धा रस्त्यापासून वर असतो, खाली बेसमेंट. वरच्या दोन मजल्यांचा जिना तर नोकरमाणसांसाठी बांधलेला, अरुंद आणि उभा.

टर्नर काँटेम्पररी या आर्ट गॅलरीच्या मागे खडकावर शिल्पकार अँटनी गॉर्मलीचा लोखंडी पुतळा उभा आहे, नुसता एक माणूस, समुद्राकडे बघत. भरतीला पाण्याखाली जातो, ओहोटीला बाहेर येतो. मी आईला फोटो दाखवला होता आणि तिने तेच धरून ठेवलं, "मला त्या माणसाजवळ जायचंय." पहिल्या रात्री ती तिथी आठवून बोटांवर हिशोब करत बसली, तिथीची पाऊणपट, कोकणात सगळे करतात तसा. मी हसले, म्हटलं आई, तो हिशोब आपल्याकडचा, इथे टाइड टेबल असतं. टेबलमध्ये ओहोटी सकाळी नऊच्या सुमाराला.

साडेसातला निघायचं ठरलं. पण उतरणं चढण्यापेक्षा वाईट असतं हे ज्याचे गुडघे दुखतात त्यालाच कळतं. एका हाताने कठडा, एका हाताने मी, प्रत्येक वळणावर थांबायचं, मागून कोणी आलं तर आई भिंतीला चिकटून "सॉरी, सॉरी" म्हणायची, आणि ते "नो रश" म्हणत तिथेच उभे राहायचे म्हणजे अजून घाई. खाली आल्यावर लक्षात आलं चष्मा वर राहिला. मी पळत गेले. मग ब्रेकफास्ट बेसमेंटमध्ये, म्हणजे अजून एक जिना. तिथून चालत गॅलरीपर्यंत मला वीस मिनिटं लागतात. बस घेतली असती तर? घेतली असती तर. मला वाटलं कड्यावरून चालताना समुद्र दिसेल, तिला आवडेल.

पोचलो तेव्हा पावणेअकरा. पाणी पुतळ्याच्या मांड्यांपर्यंत आलेलं. जवळ जायच्या पायऱ्या ओल्या आणि शेवाळलेल्या. आई कठड्याला धरून बघत राहिली, मग म्हणाली, "असूदे, चांगला दिसतो लांबून." मी म्हटलं रात्री साडेनऊला परत ओहोटी आहे, उजेड असतो तोवर, येऊ. ती हो म्हणाली.

रात्री आली नाही. म्हणाली तू जा, मी खिडकीतून बघते. खिडकी छताखालची, तिला स्टुलावर उभं राहिल्याशिवाय समुद्र दिसतच नव्हता. मी गेले. एकटी. पुतळ्याच्या शेजारी उभी राहून फोटो काढला आणि तिला पाठवला. हे मी का केलं, मला आजही सांगता येत नाही.

दोन दिवसांत ती फक्त त्या एकदाच खाली उतरली. तक्रार एक नाही. महिन्याभराने मावशीकडून कळलं, आईने तिला फोनवर सांगितलं होतं, "समुद्र बघायला गेले, जिने बघून आले." मावशी हसत सांगत होती. मीही हसले.

आणि सगळ्यात झोंबलेली गोष्ट नंतर कळली. जवळच वॉलपोल बे नावाचं जुनं हॉटेल, त्यात १९२७ ची जाळीच्या दाराची ओटिस लिफ्ट. कॅरेक्टर हवं होतं ना मला? ते लिफ्टसकट मिळत होतं. मी शोधताना "लिफ्ट" हा शब्द टाकलाच नव्हता.

यावर नवरा म्हणतो तू उगाच लावून घेतेस, म्हातारी माणसं आपल्याला वाईट वाटू नये म्हणून बोलतात, नंतर विसरतात. असेल. पण मग मावशीला कशाला सांगितलं?

बरं, आता कोणीतरी विचारणार की मग सुट्टीपुरता फ्लॅट भाड्याने घ्यायचा का. आर्लिंग्टन हाऊस म्हणजे स्टेशनसमोरचा १८ मजली काँक्रीटचा टॉवर, बाहेरून बघून सगळे नाकं मुरडतात, मीही मुरडायचे. पण तो लाटेसारखा असा वळवलाय की सगळ्या घरांतून समुद्र दिसतो, आणि आत राहिलं की टॉवर स्वतः दिसत नाही हा मोठाच फायदा. फ्लॅटची माझी अडचण वेगळी आहे. क्लिफ्टनविलची ही मोठी घरं आधी हॉटेलं होती, मग लोक सुट्टीला स्पेनला जायला लागले आणि त्यांच्या एकेक खोल्या झाल्या, ज्यांना दुसरीकडे परवडत नाही अशी माणसं तिथे राहायला आली. २०११ मध्ये गॅलरी उघडली, लंडनचे लोक आले, मागून आम्ही. आता रेलिंगवर सुट्टीला भाड्याने दिलेल्या फ्लॅटांच्या चावीच्या छोट्या डब्या लटकलेल्या दिसतात, एकेका दारावर चार-चार. आधी त्या खोल्यांत कोण होतं, ते कुठे गेलं, हे बुक करताना कोणी विचारत नाही. मीही फ्लॅट घेतलेत, दोनदा, स्वयंपाकघर मिळतं म्हणून. हॉटेलात राहिलं की आपण सुटलो असंही वाटत नाही. तेव्हा यावर मला उपदेश करू नका आणि माझ्याकडून मागूही नका.

राहायची जागा मार्गेटमध्ये बरोबर निवडलेला मला माहीत असलेला एकच माणूस म्हणजे चित्रकार टर्नर, ज्याच्या नावाची ती गॅलरी. बंदराला लागून मिसेस बूथच्या बोर्डिंग हाऊसमध्ये उतरायचा, समोर समुद्र, वर ते आकाश. पुढे तिच्याबरोबर लंडनला चेल्सीत राहिला, शेजारी त्याला मिस्टर बूथ म्हणायचे. तिचं घर होतं त्याच जागेवर आज गॅलरी आहे. त्याच्या खोलीला किती पायऱ्या होत्या कोण जाणे.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. बरोबर कोण आहे ते मला आधी सांगा. दोघंच असाल, तिशीतले, तर कुठेही राहा, खरंच कुठेही. लहान मुलं असतील तर स्टेशनच्या बाजूला, मेन सँड्स हा मोठा बीच समोर आहे आणि बादल्या-फावडी घेऊन चढ चढावा लागत नाही. आईवडील असतील तर फोन करा, ईमेल नको, आणि "लिफ्ट आहे का" एवढंच विचारू नका, लिफ्ट कुठून सुरू होते ते विचारा, रस्त्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या, ब्रेकफास्ट कुठल्या मजल्यावर. "फर्स्ट फ्लोअर, जस्ट अ फ्यू स्टेप्स" म्हणाले तर आकडा मागा.

या जूनला आईला परत बोलावलंय. तळमजल्याची खोली बघून ठेवलीये, गॅलरीपासून पाच मिनिटं, ओहोटीच्या वेळाही काढल्यात. ती अजून हो म्हणालेली नाही. परवा म्हणाली, "किती पायऱ्या?" मी म्हटलं दोन. "मोजल्यास?" म्हणाली. मोजल्या नव्हत्या, वेबसाइटवर होतं. मालकांना फोन लावलाय, अजून उचलला नाही.